सोवळ्यातला स्टोव्ह

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला चिडवायला नको. विंचवाला मी भीत नाही, भुताखेताला भीत नाही, सासूबाईंना सुरुवातीची काही वर्षं भ्याले तेवढीच. पण पंपाच्या स्टोव्हला मी भिते. तो पेटला की माझ्या पोटात गोळा येतो, तो विझेपर्यंत जात नाही. आणि अशा बाईची गाठ कुणाशी पडावी, तर स्टोव्हचं पेटंट घेणाऱ्या माणसाशी! कपाळ माझं, दुसरं काय.

आमचं घर दिवेआगरला, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. हे आधी मुंबईला एका गिरणीच्या वर्कशॉपात नोकरीला होते. मामंजी गेले, वाडी बघायला कुणी उरलं नाही, म्हणून नोकरी सोडून आम्ही गावी आलो. मुंबईहून येताना लोक भांडी आणतात, लुगडी आणतात. ह्यांनी पेटीभर कानशी, पाने-पकडी आणि पितळेचे तुकडे आणले, आणि डोक्यात एक किडा आणला. त्या वर्कशॉपातल्या कुणा साहेबाने मागाच्या एका बारीकशा भागात सुधारणा करून तिचं पेटंट घेतलं होतं. आपण डोकं चालवायचं, नकाशा काढायचा, अर्ज कलकत्त्याला सरकारी कचेरीत धाडायचा, आणि सरकार मोहोर उठवून सांगणार की ही युक्ती या माणसाची, दुसऱ्याने ती परवानगीवाचून वापरायची नाही. ह्यांना त्याचं असं काही वेड लागलं की विचारू नका. आधी नारळ सोलायचं यंत्र झालं. त्यात नारळापेक्षा ह्यांचंच बोट जास्त सोललं. मग रहाटाला लावायचं काहीतरी झालं, ते बघून बैल असा बिथरला की दोन दिवस वाडीला पाणी नाही. मी पोट धरून हसायचे. हसायला यायचं, कारण त्यातल्या कशात आग नव्हती.

आग आली ती सासूबाईंच्या डोळ्यांपायी.

आमच्याकडे पावसाळ्यात जळण म्हणजे दमट लाकडं, दमट करवंट्या, दमट झावळ्या. चूल पेटत कमी आणि धुमसत जास्त. सासूबाई फुंकणीने फुंकून फुंकून बेजार व्हायच्या. डोळे लालभडक, सारखं पाणी. वैद्यांनी बजावलं होतं की हा धूर बंद झाला नाही तर म्हातारीची नजर जाणार. मी स्वयंपाक करते म्हटलं तर त्यांना चालायचं नाही, कारण त्यांचं सोवळं. पहाटे आंघोळ करून लोकरीची धाबळी नेसल्या की त्यांचं जेवण होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. स्वयंपाकघरात सोवळं नेसल्यावाचून कुणी पाऊल टाकायचं नाही, पोटच्या मुलानेसुद्धा नाही. ह्यांना पाणी हवं असलं तर उंबरठ्याबाहेर उभं राहून मागायचे. लहानपणापासूनची सवय ती, इतकी अंगात मुरलेली की घरात कुणी नसतानासुद्धा ह्यांचा पाय त्या उंबरठ्याच्या आत पडत नसे.

ह्यांनी मुंबईहून पंपाचा स्टोव्ह मागवला. धूर नाही, फुंकणी नाही. सासूबाईंनी लांबूनच बघितला आणि विचारलं, "ह्या दट्ट्याला आत काय लावलंय रे?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "चामड्याचं वायसर असतं, आई. हवा दाबायला."

"अगो बाई! गाईचं कातडं माझ्या चुलीपाशी? मी डोळे मिटले की आणा हो तुमची थेरं!"

"हिंगसुद्धा चामड्याच्या पिशवीतून येतो म्हणतात," मी मागून पुटपुटले. माझी जीभ तेव्हाही जाग्यावर नसायची.

"हिंग औषध आहे," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

ह्यांचा मात्र तिथेच सुरू झाला. पोफळीच्या झावळीच्या बुडाशी रुंद, चिवट साल असते. तिला आम्ही विरी म्हणतो. तिच्यात वाढून खातात, तिचा द्रोण करून पाणी पितात. देवाच्या नैवेद्यालासुद्धा चालणारी वस्तू. ह्यांनी विरी भिजवली, खोबरेल तेलात उकळली, पितळेच्या दोन साच्यांत दाबून तिची वाटी केली आणि चामड्याच्या जागी बसवली. पंप मारला तर हवा भरली! मुंबईला पहिल्यांदा बायस्कोप बघून आले तेव्हासुद्धा ह्यांचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता. म्हणाले, "आईचे डोळे वाचले. आणि नुसती आईच का? सोवळ्यात स्टोव्ह नको म्हणणारी किती घरं असतील या देशात! हे पेटंट होणार बघ."

पहिल्यांदा पेटवला तो मागच्या पडवीत. मी कौतुकाने पुढे बसले होते. थोडा वेळ छान सूं सूं चाललं. मग आवाज बदलला. आत कुणी पाण्याची गुळणी करतंय असा आवाज झाला, आणि पंपाच्या दांड्याशेजारून घासलेटाची पिचकारी उडून ज्वाळेवर गेली. भक्क करून जाळ वर आला, पडवीच्या वाशाला काळा डाग पडला आणि माझ्या पदराचं टोक जळलं. ह्यांनी चावी सोडली, चावी म्हणजे टाकीतली हवा सोडायचा तो स्क्रू, आणि जाळ बसला. हे म्हणतात, "विरीचा धागा सुटून आतल्या झडपेत अडकला असेल. झडप मिटली नाही, की तेल उलटं येतं. पुढची वाटी जास्त दाबून करतो."

त्या दिवसापासून ती गुळणी माझ्या कानात बसली ती बसलीच.

पुढची वाटी चांगली झाली, हे कबूल करते. स्टोव्ह सासूबाईंच्या स्वयंपाकघरात गेला आणि खरंच, त्यांच्या डोळ्यांची लाली उतरली. पूर्वी नाकाशी धरायच्या ती पोथी महिनाभरात हातभर लांब धरून वाचायला लागल्या. हे हवेत चालत होते. अर्ज कलकत्त्याला गेला, नकाशे गेले. आणि मी? मी एक गोणपाट घेतलं, रोज सकाळी विहिरीवर भिजवलं, आणि स्टोव्ह पेटला की ते हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. रोज. सासूबाई भाजी फोडणीला टाकायच्या आणि माझा जीव टांगणीला लागायचा. धाबळीचा पदर त्या जाळाजवळून फिरायचा तेव्हा मी श्वास धरून असायचे.

सगळे हसायचे. शेजारची काकू म्हणायची, "तुमच्या सुनेने पेटंटाला पहारेकरी बसवलाय की काय?" सासूबाईसुद्धा म्हणायच्या, "तू अशी यमदूतासारखी उभी राहू नकोस गो, माझं मीठ चुकतं." हसोत बापडे. माझे कान त्या सूं सूं वर असायचे.

पेटंटाचा कागद आला तेव्हा घरात सण झाला. केवढा जाड कागद, त्यावर मोहोर! देवापुढे ठेवला, पेढे वाटले. लोक येऊन मोहोर बघून जायचे. मी ह्यांना एकटं गाठून विचारलं, "सरकारने पेटवून बघितला का हो?"

"सरकार कशाला पेटवतंय? ते नकाशा बघतं. आधी कुणी केलंय का, ते बघतं. युक्ती नवी आहे, एवढंच."

"मग भडकणार नाही हे कुणी बघितलं?"

"मी बघितलं ना! वर्षभर चाललाय."

आतून सासूबाई ओरडल्या, "अगो, एवढ्या मोठ्या सरकारची मोहोर आहे त्याच्यावर! अजून काय हवं तुला?" त्यांची तशी खात्रीच पटली होती. गावाचीही पटली होती. मोहोर आहे म्हणजे सरकारने पास केलेला, म्हणजे आता धोका नाही. पूर्वी सासूबाई पंप मारताना तोंड जरा मागे घ्यायच्या. कागद आल्यापासून तेही सोडलं. मला जास्त भीती वाटायला लागली ती त्या कागदाचीच, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या, तसा मुंबईहून एक शेठ आला. त्याला स्टोव्ह करायचा हक्क विकत हवा होता. म्हणाला, त्यांच्या समाजातही चामडं चालत नाही, हा माल हातोहात जाईल. फक्त एकदा घरातली बाई रांधताना बघायचंय. ह्यांनी आनंदाने हो म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "मी शिरा करते त्यांच्यासाठी. बघू देत उंबरठ्याबाहेरून."

आणि नेमका त्याच दिवशी मला कावळा शिवला. बाहेरची झाले, म्हणजे चार दिवस स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, मागच्या पडवीत एका कोपऱ्यात बसायचं. मी ह्यांना लांबूनच म्हटलं, "अहो, आज नको. मी नाही ना दाराशी. शेठना उद्या-परवा दाखवा."

"तुझ्या गोणपाटावर स्टोव्ह चालतो का?" हे हसून म्हणाले. शेठची बोट दुसऱ्या दिवशी सुटायची होती. ह्यांचंही खरं.

पडवीच्या भिंतीला स्वयंपाकघराची एक गजांची खिडकी होती. मी त्या खिडकीखाली गोठ्यातलं गोणपाट भिजवून घेऊन बसले. सोवळं मोडायला नको म्हणून खिडकीत डोकावतही नव्हते, नुसती ऐकत होते. ओटीवरून शेठचं हसणं ऐकू आलं. मग पावलं आली, उंबरठ्यापाशी थांबली. सूं सूं सुरू झालं. कढईत रवा पडला, तुपाचा वास आला. शेठ म्हणाला, "वा, माँजी, धुवाँ तर बिलकूल नाय!" सासूबाई खूश होऊन काहीतरी बोलल्या.

जाळ कमी पडला असावा. त्यांनी पंप मारला. एकदा, मग पुन्हा. आणि मला ती गुळणी ऐकू आली.

मी ओरडले, "सासूबाई, चावी! चावी सोडा! मागे व्हा!"

स्टोव्हच्या आवाजात त्यांना माझे शब्द कळले नाहीत, वाटलं हवा कमी झाली. त्यांनी अजून पंप मारला. मी उठून खिडकीतून बघितलं तर पंपाशेजारून घासलेट उसळून त्यांच्या उजव्या हातावर पडलं होतं, आणि मी बघत असतानाच त्या हाताला आग लागली. हाताला! सासूबाई ओरडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या हाताकडे बघत राहिल्या. पलीकडे दारात हे उभे होते, अंगात कोट, पायात मोजे, ओटीवरचे बाहेरचे कपडे. ह्यांचा पाय उचलला गेला आणि उंबरठ्यावर तसाच अडकला. मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे यायचं होतं त्यांना, तोंडातून "आई" निघालं होतं, आणि पाय आत पडत नव्हता.

मी पडवीचं दार ढकलून आत गेले. चार दिवस ज्या घरात सावली पाडायची नाही त्या घरात मी धावत गेले, गोणपाट त्यांच्या हातावर टाकलं, त्यांना मिठी मारली आणि ओढत बाहेर नेलं. मागे कढई कलंडली, जाळ छपराला लागतो की काय असं वाटलं. तेव्हा कुठे हे आत शिरले आणि राखेची टोपली स्टोव्हवर उपडी केली. शेठ कधीच अंगणात पळाला होता.

धाबळी लोकरीची, म्हणून सासूबाई वाचल्या. सुती असती तर ही आठवण लिहायचा मला धीर झाला नसता. हात मात्र कोपरापर्यंत भाजला होता. वैद्य येईपर्यंत मी त्यांना पडवीत मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळाने मला भान आलं की मी कोण आहे, कुठे बसलेय. मी हळूच हात सोडवायला लागले.

"तू बाहेरची आहेस ना गो?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"हो, सासूबाई."

"मग? सोडतेस कशाला? धर."

मी धरला. हे पडवीच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. "माझा पाय आत पडला नाही," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांचा इतका राग आला होता की एक दोन लाथा घालाव्या, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

शेठला काय वाटलं असेल? काही नाही! संध्याकाळी आला, सासूबाईंची चौकशी केली आणि ह्यांना म्हणाला, "भाऊ, नवीन मशीन हाय, असा थोडा होते. माझे कारीगर सुधरून घेतील. पेटंट तर हाय ना आपल्याकडे? मग बस."

हे नाही म्हणेनात. पैशापेक्षासुद्धा ते नाव, तो कागद, इतक्या वर्षांचं ते वेड, सोडवत नव्हतं. मी दाराआडून बोलणार, इतक्यात सासूबाईंनी पडवीतून हाक मारली. "तो कागद आण रे. मोहोरेचा. मला वाचून दाखव, मराठीत सांग."

हे कागद घेऊन आले. एकेक ओळ वाचायचे आणि मराठीत सांगायचे. विरी किती जाड, तेलात किती उकळायची, साचा कसा. नकाशातल्या कोणत्या अक्षराला काय म्हणायचं. सासूबाई डोळे मिटून सगळं ऐकत होत्या. शेवटपर्यंत वाचून झालं तेव्हा म्हणाल्या, "ह्यात बाई जळणार नाही असं कुठे लिहिलंय?"

"तसं नसतं ते, आई."

"मग परत वाच. माझं ऐकायचं राहिलं असेल."

ह्यांनी परत वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबले. रडत होते. शेठ दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने बोटीत बसला.

पण भीती त्याच्याबरोबर गेली नाही. पेटंट काही वर्षांनी दरसाल फी भरून जिवंत ठेवावं लागतं. फी चुकली की ते मेलं, आणि मग ती युक्ती कुणीही उचलावी. शेठला हे पक्कं ठाऊक. फीची वेळ आली त्या साली तो पुन्हा हजर. गोड बोलून म्हणतो, "तुमी विकू नका, भाऊ, तुमचा मन नाय तर. फक्त फी भरू नका. बाकी मी बघतो." मी आत तांदूळ निवडत ऐकत होते. कुठल्या कुठल्या घरातल्या धाबळ्या, कुठल्या कुठल्या सुना माझ्या डोळ्यांपुढे आल्या, आणि त्यांच्या दाराशी गोणपाट घेऊन कुणी उभं नव्हतं.

हे शांतपणे म्हणाले, "फी भरणार. दरसाल भरणार."

आणि भरली. सुपारी विकली गेली की आधी कलकत्त्याची फी, मग घरातलं बाकीचं. जो स्टोव्ह कधी करायचा नाही, विकायचा नाही, त्याची फी! गावात लोकांनी वेड्यात काढलं. सासूबाईंची चूल पुन्हा धुमसायला लागली, डोळे पुन्हा लाल झाले, आणि स्टोव्ह माळ्यावर गेला. ह्यांनी त्याला पुन्हा हात लावला नाही.

असाच एका पावसाळ्यात सासूबाईंना पोथीतलं अक्षर दिसेनासं झालं. त्यांनी पोथी मिटली, ह्यांना हाक मारली आणि म्हणाल्या, "अरे, तो स्टोव्ह काढ माळ्यावरून. दुकानातलं वायसर घाल त्याला."

हे गोंधळले. "आई, ते चामड्याचं असतं."

"असेल मेलं. मला कुठे दिसतंय?"

ह्यांनी मुंबईहून वायसर मागवलं, झडप नवी बसवली, स्टोव्ह लख्ख घासला आणि पडवीत ठेवून बाजूला झाले. पेटवायला ह्यांचा हात धजेना. माझाही नाही. चामड्याचा असला तरी स्टोव्ह तो स्टोव्हच. सासूबाई धाबळी नेसून भिंतीला धरत धरत आल्या आणि स्टोव्हपुढे पाट घेऊन बसल्या.

"गोणपाट भिजवलंस का गो?" त्यांनी विचारलं.

"भिजवलं, सासूबाई."

"बघू." त्यांनी तो भाजलेला, सुरकुतलेला हात पुढे केला, माझ्या हातातलं गोणपाट चाचपलं, माझी बोटंही चाचपली. सोवळ्यात होत्या त्या.

"हां," म्हणाल्या. "आता पेटव गो."